फडताळातल्या निळ्या बशा: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की आमच्याकडे रोजचं मीठ-लिंबू ज्या निळ्या-पांढऱ्या वाटीत असतं ती जपानी आहे आणि वयाने माझ्या पणजीपेक्षा मोठी आहे. झालं! लोणच्यातल्या मिठाच्या प्रमाणावर मी दोन पानं लिहिली होती त्याबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही, सगळी पत्रं आणि सगळे मेसेज त्या वाटीवर. म्हणून या वेळी लोणचं बंद, फक्त बशा. काही पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई नमस्कार, आमचे जावई ओसाकाला असतात, दिवाळीत आले तेव्हा क्योटोच्या एका देवळाच्या बाजारातून पाच जुन्या बशा घेऊन आले, जपानी अँटिक म्हणून. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत ज्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, त्यांनी बशी उलटी करून मोबाईल लावला आणि म्हणाले की मागची सहा अक्षरं चिनी आहेत, मिंग राजाचं नाव आहे, म्हणजे एकतर ही पाचशे वर्षांपूर्वीची चिनी बशी आहे नाहीतर जावयाला कोणीतरी गंडवलं. मुलीला विचारायची सोय नाही, तिला वाईट वाटेल. खरं काय समजायचं? आणि पाचच का दिल्या, सहा का नाही? (धरमपेठ)

उत्तर: काकू, जावयाला काही बोलू नका, ते गंडले नाहीत. काकांनी वाचलं तेही बरोबर, फक्त वाचून जो अर्थ काढला तो चुकला. ती अक्षरं चिनीच, जपानी लोक ती 'दाइ मिन सेइका नेन सेइ' अशी वाचतात, म्हणजे महान मिंग राजवटीत, चेंगहुआ बादशहाच्या काळात बनवलं. हा बादशहा १४६४ ते १४८७ गादीवर होता, आणि जपानात पोर्सिलेन (आपण जिला चिनी माती म्हणतो ती) बनायला सुरुवातच झाली १६१० च्या दशकात, म्हणजे बादशहा जाऊन सव्वाशे वर्षं उलटल्यावर. मग त्याचं नाव का टाकायचे, तर त्या काळी चांगला माल म्हणजे चीनचा माल, आणि चीनमध्येही चेंगहुआच्या वेळचा सगळ्यात भारी, तेव्हा जपानी कारागीर बशीमागे तेच नाव टाकून मोकळे व्हायचे. आपल्याकडे गल्लोगल्ली फरसाणच्या दुकानावर 'बिकानेर' लिहिलेलं असतं, म्हणून शेव रोज राजस्थानातून येते असं कोणी समजतं का? तसंच ते. कधीकधी तर लिहिणाऱ्याला अक्षर येतही नसायचं, बघून बघून काढायचा, काड्या इकडच्या तिकडे. कित्येक बशांवर नुसतं एका चौकटीत 'फुकु' म्हणजे सुख-समृद्धी असं एकच अक्षर असतं, त्याचा अर्थ आपल्या 'शुभ-लाभ' इतकाच.

आता काकांना द्यायला एक मुद्दा. बशीच्या मागे खालचं जे गोल कडं असतं त्याच्या आत बघा, गुळगुळीत भागावर बारीक बारीक टिंबं आहेत का, एक, तीन, पाच, फोड आल्यासारखी. भट्टीत तापून बशी नरम झाली की मधला भाग खाली बसतो, तो बसू नये म्हणून खालून मातीचे छोटे टोकदार टेकू द्यायचे, नंतर तोडून टाकायचे, त्याचा हा व्रण. चिनी बशांना सहसा हे नसतं. टिंबं असली तर जपानी समजायला मोठा आधार मिळाला, नसली तरी घाबरू नका, लहान बशीला टेकू लागतच नाही.

आणि नावांचा तर सगळाच घोळ आहे. आपण मराठीत कपबशी कुठलीही असो, जपानची, खुर्ज्याची, इंग्लंडची, तिला चिनी मातीचीच म्हणतो. जपानात या निळ्या भांड्यांना 'इमारी' म्हणतात, आणि इमारीत ती बनतच नव्हती! बनायची आरिता गावात आणि आजूबाजूला, क्युशू बेटावर, आताच्या सागा जिल्ह्यात, फक्त जहाजात चढायची इमारी बंदरावरून म्हणून नाव पडलं इमारी. आपल्याला हे समजायला कठीण जायला नको, संत्री पिकतात काटोलला, नरखेडला, वरुड-मोर्शीला आणि जगभर नाव नागपूरचं.

आरिताची सुरुवात मात्र काही गोड नाही. १५९२ ते १५९८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि येताना सरदारांनी तिथले कुंभार उचलून आणले. त्यातल्या यी साम-प्योंग नावाच्या कुंभाराला आरिताजवळ इझुमियामा टेकडीत पोर्सिलेनचा दगड सापडला, साल १६१६ असं गाव मानतं, २०१६ ला त्यांनी ४०० वर्षं धुमधडाक्यात साजरी केली. पुढे १६५० नंतर चीनमध्ये राजवट बदलायची मारामारी सुरू होती, माल मिळेना, तेव्हा डच कंपनीने आरिताकडून घेऊन युरोपात विकला आणि गावाचं भाग्य उघडलं. तिथल्या देवळाची कमानसुद्धा पोर्सिलेनची आहे, पांढरी, वर निळी वेल, १८८८ सालची, आणि भाविक तिच्याखालून जातात. मी फक्त फोटो पाहिला आहे पण फोटोनेच गार झाले.

पाच का? तिकडे सेट पाचाचाच. विषम आकडा शुभ, आणि चारला 'शी' म्हणतात, मृत्यूलाही 'शी', म्हणून चारचा सेट नकोच. आपण नाही का आहेरात एकशेएक, पाचशेएक घालत. बाजार बहुतेक तोजी देवळाचा असेल, दर महिन्याच्या २१ तारखेला भरतो, नाहीतर कितानो तेनमांगूचा, तो २५ ला. आपल्याकडे इतवारी, बुधवारी, मंगळवारी असे वारावरून बाजार, तिकडे तारखेवरून. पुढच्या वेळी जावयांना माझं नाव सांगा.

प्रश्न: माझ्या बशीवर सगळीकडे जिलबी जिलबी डिझाईन आहे (घरी सगळे जिलबीची बशीच म्हणतात) पण एका जागी जिलबी मधूनच कापल्यासारखी आहे, जोड दिसतो. डिफेक्ट पीस आहे का? (महाल)

उत्तर: जिलबी! तिकडे त्याला 'ताको-काराकुसा' म्हणतात, ताको म्हणजे ऑक्टोपस, काराकुसा म्हणजे वेल. ऑक्टोपस कोणी काढलेला नाही, वेलीची पानं वळून वळून त्याच्या हातांसारखी दिसतात म्हणून ते नाव. मला विचाराल तर जिलबी जास्त बरोबर.

तुमचा तो जोडच बशीचा काळ सांगून देतो. आधीच्या काळी हे सगळं हाताने काढायचे. भांडं घडवून वाळवून, बरेचदा एकदा हलकं भाजून, त्यावर 'गोसु' म्हणून कोबाल्टचा रंग ब्रशने लावायचा, लावताना तो काळपट राखाडी मळकट दिसतो, मग वरून काचेचा लेप आणि १३०० डिग्रीच्या आसपास भट्टी, तेव्हा कुठे निळा उघडतो. म्हणजे काढणाऱ्याला शेवटी काय दिसणार हे डोळ्यासमोर नसायचंच, अंदाजाने काम. रेघ एकाने काढायची आणि आतला रंग दुसऱ्याने भरायचा. जुन्या आणि महाग मालात, म्हणजे १७०० च्या अलीकडे-पलीकडे, जिलबीच्या प्रत्येक पानाची आधी कड काढलेली आणि मग आत रंग भरलेला दिसतो, नंतर गिऱ्हाईक वाढलं तसं एकाच फटक्यात पान काढायला लागले, आणखी नंतर पान राहिलं नाही नुसता हुकासारखा बाक राहिला. भिंग घेऊन बसा, मजा येते, माझा तर रविवार जातो.

मग आला मेइजी काळ, १८६८ ते १९१२. घरोघरी पोर्सिलेन पाहिजे झालं आणि हाताने काढून पुरेना, म्हणून छपाई. पहिली पद्धत आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखी हुबेहूब, कागदाला नक्षी कापायची, भांड्यावर ठेवायचा आणि वरून रंग मारायचा. रांगोळीच्या छाप्यात बघा, गोल पूर्ण कधी कापता येत नाही, मधला तुकडा गळून पडेल, म्हणून मध्ये मध्ये पट्टी सोडावी लागते. तशाच बारीक पांढऱ्या फटी या बशांवर दिसतात. दुसरी पद्धत तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरून पातळ कागदावर छापायची आणि तो कागद ओला भांड्यावर चिकटवायचा. त्यात रेषा केसासारख्या बारीक येतात पण सपाट कागद गोल बशीवर बसवायचा म्हणजे कुठेतरी जोड येणारच, शिंप्याने घाईत शिवलेल्या ब्लाऊजचं डिझाईन बाहीला जुळत नाही तसं. तुमची बशी या दुसऱ्या जातीची वाटते, म्हणजे मेइजीचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरची, शंभरी ओलांडलेली किंवा ओलांडायच्या बेतात.

रंगावरूनही कळतं. १८७० ला वागेनर नावाचा जर्मन रसायनवाला आरिताला आला आणि कारखान्यात बनलेला कोबाल्ट कसा वापरायचा ते शिकवलं. त्याच्याआधीचा निळा जरा राखाडी, पावसाळी आभाळासारखा, नंतरचा एकदम भडक, धुण्याच्या निळीसारखा. जाणकार लोक भडक निळ्याला नाकं मुरडतात. मला तोच आवडतो. माझ्याकडे छाप्याची एक बशी आहे त्यात कागद ठेवणाऱ्याचा हात हलला आणि बांबूची पानं दोनदा उमटलीत, दीडेकशे वर्षांपूर्वी कोणीतरी गडबडीत होतं हे रोज जेवताना दिसतं.

प्रश्न: ताई, काही वर्षांपूर्वी जपानहून आलेल्या पाहुण्यांनी वडिलांना एक बाऊल भेट दिला. जुना आहे म्हणून फार जपून कापडात गुंडाळून दिला पण खरं सांगू का, भारी वाटत नाही. जाडजूड, निळा रंग फिका, आतमध्ये मधोमध एक खरखरीत गोल चट्टा, अंगावर राखेसारखे काळे ठिपके. गाव आमचं ड्रॅगन पॅलेसवालं म्हणून जपानी पाहुणे येत राहतात, पण ही भेट समजून नाही राहिली. (कामठी)

उत्तर: भाऊ, तुम्हाला मिळालेली भेट ऐकून मी जळून राहिले आहे. वर्णनावरून तो बाऊल 'कुरावांका' आहे, आणि या नावाची गोष्ट नागपूरकरांना जितकी कळेल तितकी पुण्याच्या माणसाला कळणार नाही. ओसाका आणि क्योटोच्या मध्ये योदो नावाची नदी, तिच्यावरून प्रवाशांच्या नावा चालायच्या. हिराकाता गावापाशी छोट्या नावा त्यांना येऊन भिडायच्या, त्यात भाजीचं गरम सूप, मोची म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, साके म्हणजे तांदळाची दारू, आणि विकणारे ओरडायचे 'कुरावांका!', म्हणजे शुद्ध भाषेत 'खाणार नाही का?', पण त्यांची भाषा शुद्ध नव्हती, खरा अर्थ आपल्या 'खातं का बे!' च्या जवळचा. समोर सामुराई असो की सावकार, बोलायचं असंच. आधीच्या लढायांत त्यांनी तोकुगावांना, म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्या घराण्याला, मदत केली म्हणून त्यांना असं बोलायची सूटच होती म्हणतात. त्या नावांवरच्या जाड भांड्यांचं नाव पुढे त्या जातीच्या सगळ्याच स्वस्त भांड्यांना चिकटलं.

बनायची बरीचशी हासामीला, आरिताच्या शेजारी पण जिल्हा नागासाकी. तिथे डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भट्टी, खालच्या खोलीतली आग वरच्या खोलीत चढत जाते, त्यातली एक तर १६० मीटरहून लांब होती. एवढ्या भट्टीत माल भरायचा तर जागा वाया घालवून चालत नाही, वाटीत वाटी, वाटीत वाटी अशी चळत लावायची. पण काचेचा लेप असलेल्या दोन वाट्या चिकटल्या की तापल्यावर कायमच्या एक होतात, म्हणून आतला गोल लेप पुसून काढायचा आणि वरची वाटी त्या कोरड्या कड्यावर ठेवायची. तुमचा खरखरीत चट्टा तो. काळे ठिपके मातीतल्या लोखंडाचे किंवा भट्टीत उडालेल्या राखेचे, महाग माल बंद डब्यात भाजायचे, हा उघड्यावर. आणि जाड कशाला, तर हलणाऱ्या नावेत बूड जड असलेलं बरं, आणि शंभर हातांतून जाणारं भांडं नाजूक असून काय करता.

त्याच्याआधी साध्या माणसाच्या हातात लाकडाची वाटी असायची, पोर्सिलेन श्रीमंताकडे. अठराव्या शतकात हासामीच्या या मालाने ते बदललं. नंतर १९२५ मध्ये यानागी सोएत्सु आणि त्यांच्या कुंभार मित्रांनी 'मिंगेइ' हा शब्दच तयार केला, म्हणजे लोकांची कला, आणि सांगायला लागले की सही नसलेल्या, रोज हाताळलेल्या भांड्यातच खरं सौंदर्य आहे, १९३६ ला तोक्योत त्याचं म्युझियमही उघडलं. ते सगळं पटो न पटो (मला सगळं पटत नाही, गरिबाला पर्याय नव्हता म्हणून त्याने साधं वापरलं, त्याला तत्त्वज्ञान चिकटवायला नंतरचे लोक आले), पण पाहुण्यांनी विचार करून दिलं आहे एवढं नक्की. त्यात तर्री ओतून बघा एकदा, बाऊलला ओळखीचं वाटेल.

प्रश्न: आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत होते, कलकत्त्याहून आणलेला टी-सेट आहे, मागे 'मेड इन जपान' आणि कप उजेडात धरला तर बुडाशी बाईचा चेहरा दिसतो! निळा आहे थोडा, बाकी सोनेरी. हाही तुमच्या त्या जुन्या जपानी बशांत येतो का? (अजनी)

उत्तर: नाही येत. पण सेट छान आहे. अमेरिकेने १८९१ पासून मालावर देशाचं नाव इंग्रजीत पाहिजे असा नियम लावला तेव्हा जपान्यांनी 'निप्पॉन' लिहायला सुरुवात केली, १९२१ पासून 'जपान' लिहा म्हणाले, आणि १९४७ ते १९५२ अमेरिकेचा अंमल असताना 'ऑक्युपाइड जपान'. भारतात आलेल्या प्रत्येक कपाला हा नियम तंतोतंत लावता येत नाही तरी तुमचा सेट १९२१ नंतरचा धरायला हरकत नाही, तिसाच्या दशकात जपानी स्वस्त माल आपल्याकडे धो धो येत होता. बाईचा चेहरा म्हणजे पोर्सिलेनचा जाडपणा कमी-जास्त करून केलेली करामत, पातळ जागी उजेड जास्त येतो. हा सगळा परदेशी गिऱ्हाईकासाठी बनवलेला माल, जपानी माणूस स्वतः अशा कपात चहा प्यायला बसत नव्हता. मुलांना उजेडात धरून दाखवा आणि धुताना सोनेरी कडेला घासणी लावू नका.

प्रश्न: यात खरंच जेवायचं का? शिसं वगैरे असतं म्हणे. मायक्रोवेव्ह चालतो का? हळदीचे डाग? (प्रतापनगर)

उत्तर: मी जेवते. पण कशात जेवते ते ऐका. नुसतं निळं-पांढरं असेल तर निळा रंग काचेच्या लेपाच्या खाली आहे आणि तो लेप १३०० डिग्रीला पिकलेला, त्यामुळे अन्नाचा आणि रंगाचा संबंध येत नाही. बोट फिरवा, निळ्याची कड हाताला लागणार नाही. लाल, हिरवं, पिवळं, सोनेरी असेल तर ते रंग लेपाच्या वर नंतर कमी आचेवर बसवलेले असतात, हाताला किंचित उठावदार लागतात, आणि जुन्या तसल्या रंगांत शिसं असू शकतं, त्यात चिंच-लिंबू-दही नको, ते भिंतीवरच बरे. आणखी एक चोरटी जागा म्हणजे जुनी दुरुस्ती. जपानात १७९० नंतर फुटलेलं भांडं काचेच्या पुडीने जोडून पुन्हा भाजायची पद्धत निघाली, त्या काचेत शिसं. जोडावर पांढरट फुगीर रेघ दिसली तर ती बशी शोभेची.

मायक्रोवेव्ह नको. सोनं असेल तर ठिणग्या उडतील, आणि न दिसणारा तडा असेल तर तो दिसायला लागेल. फ्रिजमधून काढलेल्या वाटीत उकळतं वरण ओतायचं नाही, हे तर काचेच्या ग्लासलाही करत नाही आपण. तडा आहे का ते ऐकू येतं, बशी बोटांच्या टोकावर तोलून नखाने टिचकी मारा, धड असेल तर टण्ण वाजते आणि आवाज लांबतो, तडकलेली ठप्प करते. मंगळवारी बाजारात माठ घेताना आपण दुसरं काय करतो? हळद लेपावर टिकत नाही, पण तड्यात आणि खालच्या कोरड्या कडेवर बसते आणि मग जात नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर लिंबाची फोड.

कशात काय वाढायचं हेही सांगते, कारण ही भांडी त्याच हिशोबाने केलेली आहेत. तिकडे माप 'सुन' मध्ये, एक सुन जवळपास ३ सेंटीमीटर, आणि पाच सुनची खोलगट बशी घरोघरी असायची, तिचं नाव 'नामासु-झारा'. नामासु म्हणजे काय तर मुळा-गाजर बारीक चिरून व्हिनेगरमध्ये! कोशिंबीरच की. आंबट पाणी सांडू नये म्हणून बशी खोल. आमच्याकडे त्यात कोशिंबीर असते आणि गोळाभात असला की वरून घ्यायचं तेल-हिंगाचं वाडगंही निळंच. 'सोबा चोको' म्हणून शेवयांच्या सॉसचे कप असतात, बिनकानाचे, सरळ भिंतीचे, त्यात कटिंग चहा इतका बरोबर बसतो की बस.

प्रश्न: मॅम, माझी इमारी प्लेट फुटली, खूप रडले, मग कीन्त्सुगीचं (फुटकं भांडं जोडून जोडावर सोनं चढवतात ना, ते) ओरिजिनल किट जपानहून मागवलं. एप्रिलमध्ये जोडली, आता मे संपत आला, सुकतच नाहीये. इथे ४५ डिग्री आहे, अजून किती गरम पाहिजे?? (वर्धा रोड)

उत्तर: अगं, गरम नकोच आहे. ते 'उरुशी' आहे, काही लोक त्याला लाख म्हणतात पण आपली लाख किड्याची, हा झाडाचा चीक. तो कपड्यासारखा वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. त्याला लागतं २० ते ३० डिग्री आणि ७० ते ८५ टक्के दमट हवा. आणि नागपूरचा मे! इथे सतरंजी तासाभरात कडक होते आणि तुझं उरुशी मात्र वर्षभर ओलं राहील. तिकडे लाकडी कपाटात ओलं करून ठेवतात, तू खोक्यात ओला टॉवेल ठेव, प्लेट त्याला लागू देऊ नको, वर झाकण, आणि खोकं कूलरच्या खोलीत, पण कूलरच्या तोंडासमोर नको, धूळ चिकटेल. खरं तर मृग लागू दे, जुलैमध्ये कर, नागपूरचा जुलै या कामाला जपानइतकाच चांगला.

आणि हातमोजे घातलेस का? विचारते कारण उरुशीचं झाड आपल्या बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातलं. बिबा उतला की काय होतं ते आजीला विचार. अगदी तसेच फोड येतात, काहींना तर नुसत्या जवळ जाण्याने. घट्ट झाल्यावर मात्र त्रास नाही, जपानी लोक त्यातच सूप पितात.

बाकीच्यांसाठी, ऑनलाइन मिळणारी बरीच स्वस्त किटं म्हणजे एपॉक्सी आणि सोनेरी पावडर. दिसायला छान, सुकायला सोपी, जेवायला नको. आणि प्रत्येक फुटक्या बशीला सोनं चढवायची गरज नाही. जपानात साध्या घरात भांडं फुटलं तर सोनार बसला नव्हता, लोखंडी टाचे मारूनही जोडायचे. तोक्योच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये चीनमधला एक वाडगा आहे, तडा गेला म्हणून बदलून मागायला परत पाठवला तर तसा आता बनत नाही म्हणून टाचे मारून परत आला, आणि त्या टाच्यांमुळेच प्रसिद्ध झाला, टोळ बसल्यासारखे दिसतात म्हणून त्याचं नावच टोळवाला.

प्रश्न: जपानचं कौतुक पुरे, आपल्या जयपूरच्या ब्लू पॉटरीवर कधी लिहाल? (सदर)

उत्तर: लिहीन. आत्ता एवढंच की जयपूरच्या त्या भांड्यात कुंभाराची माती जवळजवळ नाहीच, गारेची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी आणि डिंक असा गोळा, आणि भट्टी आठ-साडेआठशे डिग्रीची. निळा कोबाल्टचाच. सुंदर आहे पण त्यात कढी वाढू नका, पोर्सिलेनसारखं ते आतून काच झालेलं नसतं.

प्रश्न: विकायची तर किती येतील? आणि अमेरिकेत मुलीकडे नेता येईल का? (मनीषनगर)

उत्तर: छापलेली मेइजीची बशी जपानच्या बाजारात साधारण हजार-दोन हजार येनला मिळते, तेव्हा फ्लॅटचं स्वप्न नको. न्यायची असेल तर आधी चौकशी करा, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू परदेशी नेता येत नाही, आणि वस्तू त्यात बसत नाही असं सर्टिफिकेट पुरातत्त्व खातं देतं. शंभरीच्या आसपासची असेल तर ते घेऊन ठेवा, विमानतळावर वाद घालायला लावू नका लेकीला.

प्रश्न: लेकाने आणलेल्या निळ्या बशीची कड जागोजागी कीड लागल्यासारखी आहे आणि एका जागी टवका उडाला आहे. सासूबाई म्हणतात टिचकं भांडं घरात नको, देवाच्या खोलीजवळ तर नकोच. फेकायची का? (महाल)

उत्तर: कीड लागल्यासारखी म्हणालात ते वाचून मी हसले, कारण जपानी लोकही तेच म्हणतात, 'मुशिकुई', किड्याने खाल्लेलं. कडेवरचा लेप थंड होताना आक्रसून बारीक बारीक सुटतो, ते भट्टीतूनच तसं आलेलं असतं. चहाच्या समारंभवाल्यांना तर जुन्या चिनी भांड्यांवरचं हे इतकं आवडायचं की नसलं तर चुकल्यासारखं वाटायचं. टवका मात्र नंतरचा, तो ओठाला लागेल अशा जागी असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने धार मारून टाका.

सासूबाईंशी वाद घालू नका. टिचक्या कपात चहा देऊ नये हे आमच्या आईचंही होतं आणि त्यात पाहुण्याचा ओठ कापू नये एवढी अक्कल होतीच. बशी देवापासून लांब, किचनच्या ओट्यावर ठेवा, लसूण ठेवायला उत्तम. त्यालाही नाही म्हणाल्या तर फेकू नका, मला कळवा, मी त्रिमूर्तीनगरला राहते, महालात चक्कर होतेच माझी.